पोर्तुगालमध्ये नव्याने आलेल्यांसाठी : हवामानावर पोर्तुगीजमध्ये कसे बोलावे

पोर्तुगालमध्ये राहायला आलेल्या मराठी माणसाचे भाषेवाचून सर्वांत जास्त अडते ते कार्यालयांत नाही. तिथे कागद पुढे करून, एखाद्या जाणकाराला सोबत नेऊन किंवा फोनवरच्या भाषांतराच्या आधाराने काम भागते. अडते ते इमारतीच्या लिफ्टमध्ये, बसथांब्यावर आणि सकाळच्या कॉफीच्या काउंटरवर, म्हणजे जिथे समोरचा माणूस सहज एखादे वाक्य बोलतो, आपण नुसते हसतो आणि संभाषण तिथेच संपते. हे सहज बोललेले वाक्य बहुतेक वेळा हवामानाचे असते. म्हणूनच पोर्तुगीज बोलायला सुरुवात हवामानापासून करावी, असे मी प्रत्येक नव्या येणाऱ्याला आग्रहाने सांगते.

याला आणखी एक पक्के कारण आहे. पोर्तुगीजमध्ये समोरच्याला काय म्हणून संबोधावे, हा नवख्यासाठी मोठा पेच असतो. 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांच्यासारख्या पायऱ्या तिथेही आहेत, आणि पोर्तुगालमध्ये त्या चुकल्या तर समोरचा माणूस बोलून दाखवत नाही, पण त्याला ते जाणवते. हवामानाच्या वाक्यात मात्र कोणालाच संबोधायचे नसते. 'थंडी आहे' हे वाक्य आजीबाईंना, दुकानदाराला आणि वरिष्ठांना एकसारखेच म्हणता येते. क्रियापदही जवळजवळ नेहमी तृतीय पुरुषी एकवचनी राहते, त्यामुळे रूपे पाठ करण्याचे ओझे पहिल्या दिवसापासून पडत नाही.

हाताशी काय ठेवावे

- पोर्तुगालची हवामानसंस्था 'ईपमा' हिचे मोफत अ‍ॅप किंवा संकेतस्थळ. फोनची भाषा इंग्रजी असली तरी हे अ‍ॅप पोर्तुगीजमध्येच वाचावे.
- प्रिबेराम हा ऑनलाइन पोर्तुगीज शब्दकोश. त्यात शब्दाचे लेखन तपासता येते. या लेखातील शब्द देवनागरीत उच्चारानुसार दिले असल्याने मूळ लेखन पाहून घेणे आवश्यक आहे.
- सार्वजनिक वाहिनी आरटीपी किंवा आंतेना १ हे रेडिओ केंद्र. बातम्यांनंतरचे हवामान रोज ऐकावे.
- एक छोटी वही. त्या दिवशी खिडकीतून जे दिसले त्याचे एकच वाक्य रोज तारखेसह लिहावे.
- वर्गात शिकायचे असेल तर स्थलांतरितांसाठी शासनातर्फे 'पोर्तुगेश लींग्वा द अकुल्यिमेंतु' या नावाचे मोफत अभ्यासक्रम चालतात. चौकशीला जाताना पासपोर्ट, निवास परवाना किंवा त्यासाठी केलेल्या अर्जाची पावती, करदाता क्रमांक आणि पत्त्याचा पुरावा या सर्वांच्या प्रती सोबत न्याव्यात. नाव नोंदवल्यावर वर्ग सुरू होईपर्यंत बराच काळ थांबावे लागू शकते, आणि हा लेख त्या मधल्या काळासाठी विशेष उपयोगी पडेल.

१. आधी कान तयार करा

पुस्तकात पाहिलेले पोर्तुगीज आणि लिस्बनच्या रस्त्यावर ऐकू येणारे पोर्तुगीज यांत मोठे अंतर आहे. युरोपीय पोर्तुगीजमध्ये आघात नसलेले स्वर गिळले जातात, शब्दाच्या शेवटच्या 'ओ'चा 'उ' होतो आणि शेवटचा 'ए' जवळजवळ ऐकूच येत नाही. अक्षराच्या शेवटी आलेल्या 'स'चा बहुधा 'श' होतो. 'आहे' या अर्थाचे 'इश्ता' हे क्रियापद बोलताना नुसते 'श्ता' असे ऐकू येते, आणि पुढे 'अ' आला तर तोही त्यातच विरघळतो.

आपल्या दृष्टीने सुखाची गोष्ट अशी की यातले बहुतेक ध्वनी मराठीत आहेत. 'न्य' आणि 'ल्य' आपल्याला अवघड नाहीत आणि अनुनासिक स्वर तर कोकणी-मालवणी कानाला ओळखीचेच आहेत. दोनच खुणा लक्षात ठेवा. या लेखात 'झ' म्हणजे 'माझा' या शब्दातला झ, आणि 'झ्य' म्हणजे 'श' म्हणताना कंठातून आवाज काढल्यास जो ध्वनी निघतो तो. शब्दाच्या शेवटी लिहिलेला, आघात नसलेला 'आ' मात्र आखूडच उच्चारावा, जवळजवळ 'अ'सारखा. 'शूव्हा', म्हणजे पाऊस, असे म्हणताना शेवट लांबवू नये.

२. 'श्ता' या एका शब्दावर उभी राहणारी वाक्ये

पहिल्या आठवड्यात एवढीच वाक्ये पुरेत :

- 'श्ता फ्रीउ' : थंडी आहे.
- 'श्ता कलोर' : उकडते आहे, गरम होते आहे.
- 'श्ता सॉल' : ऊन आहे.
- 'श्ता व्हेंतु' : वारा आहे.
- 'श्ता शुव्हेर' : पाऊस पडतो आहे.
- 'श्ता नुब्लादु' : ढगाळ आहे.
- 'श्ता अबफादु' : कोंदट आहे, हवा अडल्यासारखी झाली आहे.
- 'श्ता बों तेंपु' आणि 'श्ता माउ तेंपु' : हवा चांगली आहे, हवा वाईट आहे.

मराठीत पाऊस 'पडतो', म्हणजे वाक्याला कर्ता असतो. पोर्तुगीजमध्ये 'पाऊस पडणे' हे एकच क्रियापद आहे आणि त्याला कर्ता नसतो. त्यामुळे पावसासाठी वेगळे नाम शोधून वाक्यात बसवण्याचा प्रयत्न करू नये. बर्फ पडणे ('श्ता नव्हार') आणि ढग गडगडणे ('श्ता त्रुव्हझ्यार') यांनाही हाच नियम लागू आहे.

इथे पहिला सापळा आहे. मराठीत 'आज थंडी आहे' आणि 'इथला हिवाळा थंड आहे' या दोन्ही वाक्यांत 'आहे' हेच क्रियापद येते. पोर्तुगीजमध्ये आत्ताच्या स्थितीला 'श्ता' आणि कायमच्या स्वभावाला 'ऍ' अशी विभागणी आहे. 'ओझ्य श्ता फ्रीउ' म्हणजे आज थंडी आहे, आणि 'उ इंव्हॅर्नु अकी ऍ फ्रीउ' म्हणजे इथला हिवाळा थंड असतो. मराठीतल्या 'आहे' आणि 'असतो' यांच्यातला फरक मनात धरला तर दहापैकी नऊ वेळा बरोबर शब्द तोंडी येतो.

तापमान सांगताना मात्र क्रियापद अनेकवचनी होते, कारण अंश अनेक असतात : 'श्ताउँ व्हींत ग्राउश', म्हणजे वीस अंश आहेत. यासाठी आकडे यायलाच हवेत. निदान शून्य ते चाळीस एवढे आकडे पाठ करावेत, कारण पोर्तुगालचे रोजचे तापमान सहसा त्यातच बसते. चाळीसच्या वरचे आकडे क्वचित लागतात, पण लागतात. १ ऑगस्ट २००३ रोजी आलेंतेझ्यु प्रांतातल्या अमरलेझ्या या गावात ४७.३ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते.

३. स्वतःला थंडी वाजते तेव्हा

'मला थंडी वाजते' याचे पोर्तुगीज रूप 'तेन्यु फ्रीउ', म्हणजे 'माझ्याकडे थंडी आहे', किंवा 'श्तो कों फ्रीउ', म्हणजे 'मी थंडीसह आहे', असे होते. उकाड्यासाठीही हीच रचना : 'तेन्यु कलोर' किंवा 'श्तो कों कलोर'. दोन्ही रूपे सर्वत्र चालतात.

येथे चूक झाली तर अर्थ बदलतो, म्हणून हा भाग नीट वाचावा. 'सो फ्रीउ' म्हटले तर 'मी भावनाशून्य माणूस आहे' असा अर्थ होतो. 'श्तो केंत', म्हणजे 'मी गरम आहे', हे वाक्य उकाड्याबद्दल कधीही वापरू नये. त्यातून अंगात ताप असल्याचा किंवा त्याहून अवघडल्यासारखा अर्थ निघू शकतो. 'केंत' हे विशेषण सूपला, पाण्याला किंवा दिवसाला लावावे, स्वतःला लावू नये.

दुसरा सापळा औषधाच्या दुकानात भेटतो. थंडी बाधून सर्दी झाली की पोर्तुगालमध्ये 'श्तो कोंश्तिपादु' म्हणतात, आणि बोलणारी स्त्री असेल तर 'कोंश्तिपादा' म्हणतात. हा शब्द ऐकून इंग्रजी जाणणारा माणूस बद्धकोष्ठतेची कल्पना करतो आणि भलतेच औषध मागण्याची वेळ येते. शब्दाचे हे स्त्रीलिंगी रूप स्त्रियांनी पहिल्यापासून जिभेवर बसवावे. 'गारठून गेले' यासाठी 'श्तो झ्यलादा' आणि 'गारठून गेलो' यासाठी 'श्तो झ्यलादु'. हवेबद्दल बोलताना मात्र विशेषण नेहमी पुल्लिंगीच राहते.

४. समोरचा बोलला तर उत्तर काय द्यावे

नवख्या माणसाची खरी कसोटी इथे लागते, आणि मराठी माणसाची बाजू इथेच बळकट आहे. 'थंडी आहे ना?' असे कोणी विचारले तर आपण नुसते 'हो' म्हणून थांबत नाही, 'आहे, आहे' म्हणतो. पोर्तुगीज माणूसही तेच करतो. तो होकारार्थी शब्दाऐवजी क्रियापदच परत उच्चारतो. जानेवारीतल्या एखाद्या सकाळी लिफ्टमध्ये होणारा संवाद साधारण असा असतो :

'बोंदीआ, व्हिझीन्या.' (नमस्कार, शेजारीणबाई.)
'बोंदीआ. श्ता फ्रीउ, नाउँ श्ता?' (नमस्कार. थंडी आहे, नाही का?)
'श्ता, श्ता. इ अमन्यां व्हाइ शुव्हेर.' (आहे, आहे. आणि उद्या पाऊस येणार.)
'पोइझ ऍ...' (हो ना...)

यातला 'पोइझ ऍ' हा उद्गार सोन्यासारखा जपावा. समोरच्याचे म्हणणे पटले, आपण ऐकतो आहोत आणि पुढे बोलायचे नसले तरी आपण उद्धट नाही, हे सारे त्यातून कळते. शेजाऱ्याला 'व्हिझीन्यु' आणि शेजारणीला 'व्हिझीन्या' म्हणण्याची पद्धत जुन्या वस्त्यांत आजही रूढ आहे, आणि नाव माहीत नसताना ती फार उपयोगी पडते. वयस्कर बाईंचे नाव कळले की त्यांना 'दोना' लावून पहिल्या नावाने हाक मारावी. नुसत्या नावाने हाक मारू नये.

दुपारच्या जेवणाच्या वेळेपर्यंत 'बोंदीआ', त्यानंतर 'बोआ तार्द' आणि अंधार पडल्यावर 'बोआ नोइत' म्हणावे. अभिवादन न करता थेट हवामानावर बोलणे इथे असभ्यपणाचे मानतात, मग ते वाक्य व्याकरणाने कितीही शुद्ध असो.

५. पाऊस, धुके आणि वारा : नेमके शब्द

मराठीत भुरभुर, रिपरिप, सर, झड आणि मुसळधार यांत आपण जसा भेद करतो तसाच भेद पोर्तुगीजही करतात. साधा पाऊस 'शूव्हा'. अगदी बारीक भुरभुर 'शुव्हीश्कु', आणि तासन् तास पडणारी बारीक झड 'शूव्हा मिउदीन्या'. ही दुसरी उत्तरेकडच्या पोर्तु शहरात आणि मिन्यु भागात हिवाळाभर भेटते. अचानक येऊन ओसरणाऱ्या सरी म्हणजे 'अग्वसेइरुश'. हा शब्द अंदाजात रोज वाचायला मिळतो आणि त्याचा अर्थ माहीत असला तर छत्री न्यावी की दहा मिनिटे आडोशाला थांबावे, हे ठरवता येते. दोन सरींच्या मधल्या उघडिपीला 'अबॅर्ता' म्हणतात. गडगडाटी पाऊस 'त्रुव्हुआदा', गारा 'ग्रनीझु', दाट धुके 'नव्हुएइरु', पहाटेचे गोठलेले दव 'झ्यादा', बर्फ 'नॅव्ह'. मुख्य भूमीवर बर्फ पाहायचे तर १,९९३ मीटर उंचीच्या सेर्रा द इश्त्रेला या डोंगररांगेकडे जातात.

मुसळधार पावसासाठी 'शॉव्ह अ पॉतश' किंवा 'शॉव्ह अ कांतरुश' असे म्हणतात. पहिल्यात हंडे ओततात आणि दुसऱ्यात घागरी. कडाक्याच्या थंडीला 'फ्रीउ द र्रशार', म्हणजे फोडून काढणारी थंडी. ही वाक्ये योग्य क्षणी वापरली तर समोरच्याचा चेहरा लगेच खुलतो.

वाऱ्याकडे दुर्लक्ष करू नये. उन्हाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर दुपारनंतर उत्तरेकडून जो जोराचा वारा सुटतो त्याला 'नुर्तादा' म्हणतात. अ‍ॅटलांटिकवरच्या असोरेस बेटांजवळचा उच्च दाबाचा पट्टा आणि पोर्तुगाल-स्पेनच्या तापलेल्या द्वीपकल्पावरचा कमी दाब यांच्यातल्या फरकातून तो वाहतो. त्यामुळेच लिस्बनमध्ये भर जुलैत संध्याकाळी अंगावर काहीतरी घ्यावेसे वाटते, आणि 'संध्याकाळी कोट आणा' असे कोणी सांगितले तर ते खरे मानावे. आलेंतेझ्युमध्ये दक्षिणेकडून किंवा आग्नेयेकडून येणाऱ्या कोरड्या, तापलेल्या वाऱ्याला 'सुआउँ' असे नाव आहे.

छत्रीला पोर्तुगालमध्ये 'शपॅउ द शूव्हा', म्हणजे पावसाची टोपी, असे म्हणतात. 'ग्वार्दा-शूव्हा' हाही शब्द चालतो. पोर्तुच्या किनाऱ्यावर वाऱ्यामुळे छत्री उलटी होते, म्हणून तिथे टोपीचा पावसाळी कोट घेणे शहाणपणाचे.

६. अंदाज वाचणे आणि इशारे समजणे

ईपमाच्या अंदाजाची भाषा साचेबद्ध आहे, आणि त्यामुळेच ती लवकर येते. 'सॅउ लिंपु' म्हणजे निरभ्र आकाश, 'सॅउ पोकु नुब्लादु' म्हणजे थोडे ढगाळ, 'मुइंतु नुब्लादु' म्हणजे दाट ढगाळ. वारा 'फ्राकु', 'मुदरादु' किंवा 'फॉर्त', म्हणजे मंद, मध्यम किंवा जोराचा. 'सुबीदा' म्हणजे तापमानात वाढ आणि 'दश्सीदा' म्हणजे घट. जागा सांगताना 'लितुराल' म्हणजे किनारपट्टी, 'इंतरिओर' म्हणजे आतला प्रदेश आणि 'तॅर्रझ आल्तश' म्हणजे उंच डोंगराळ भाग. एवढ्या शब्दांत जवळजवळ रोजचा अंदाज उलगडतो.

वारांची नावे हा इथला सापळा आहे. पोर्तुगीजमध्ये सोमवारला 'सगुंदा-फेइरा', म्हणजे दुसरा वार, असे म्हणतात आणि मोजणी तिथून पुढे चालते : मंगळवार 'तेर्सा', बुधवार 'क्वार्ता', गुरुवार 'किंता', शुक्रवार 'सेइश्ता'. आठवडा सोमवारी सुरू होतो असे मनात धरणारा माणूस 'क्वार्ता' ऐकून गुरुवारची तयारी करतो आणि पाऊस बुधवारीच येऊन जातो. मोजणी रविवारपासून आहे, हे कायम ध्यानात ठेवावे. शनिवार 'साबदु' आणि रविवार 'दुमिंगु' यांना आकडा नाही.

इशाऱ्यांचे चार रंग आहेत : 'व्हेर्द' हिरवा, 'अमरॅलु' पिवळा, 'लरांझ्या' नारिंगी आणि 'व्हर्मेल्यु' लाल. ते जिल्ह्यानुसार जाहीर होतात, म्हणून आपला जिल्हा कोणता हे माहीत असावे. पिवळा इशारा हिवाळ्यात वारंवार येतो आणि त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही; ज्यांचे काम घराबाहेरचे आहे त्यांनी मात्र तोही वाचावा. नारिंगी आणि लाल इशाऱ्यांना मान द्यावा. १३ ऑक्टोबर २०१८ च्या रात्री लेस्ली हे वादळ फिगेइरा द फॉश या किनाऱ्यावरच्या शहराजवळ धडकले तेव्हा तिथे वाऱ्याचा झोत ताशी १७६ किलोमीटरवर गेल्याची नोंद झाली होती. २०१७ पासून पोर्तुगाल, स्पेन आणि फ्रान्स मिळून हिवाळी वादळांना नावे देतात. त्यामुळे बातम्यांत 'द्‌प्रसाउँ' या शब्दानंतर एखाद्या व्यक्तीचे नाव ऐकू आले तर ते वादळाचे नाव आहे, असे समजावे. नागरी संरक्षण यंत्रणेकडून फोनवर लघुसंदेशही येतात. ते पोर्तुगीजमध्ये आहेत म्हणून न वाचता पुसून टाकू नयेत. आणीबाणीचा क्रमांक ११२ आहे.

समुद्रावर जाणाऱ्यांनी आणखी एक शब्द शिकावा. 'अझ्यितसाउँ मरीतिमा' म्हणजे खवळलेला समुद्र. आकाश निरभ्र आणि ऊन स्वच्छ असतानाही हा इशारा लागू असू शकतो, आणि अशा दिवशी खडकांवर उभे राहून फोटो काढणे जिवावर बेतू शकते. किनाऱ्यावर लाल बावटा असेल तर पाण्यात उतरू नये, पिवळा असेल तर पोहू नये. चौकटीचा बावटा म्हणजे जीवरक्षक तात्पुरता जागेवर नाही.

७. काल, उद्या आणि 'सध्या'

'ओंतेइं शुव्हेउ' म्हणजे काल पाऊस पडला. 'व्हाइ शुव्हेर' म्हणजे पाऊस येणार आहे. 'परॅस क व्हाइ शुव्हेर' म्हणजे पाऊस येईलसे दिसते, आणि ढगांकडे पाहून बोलायला हे वाक्य सर्वांत सोयीचे.

'तेइं शुव्हीदु' हे रूप मात्र जपून वापरावे. इंग्रजीच्या सवयीने त्याचा अर्थ 'पाऊस पडला आहे' असा वाटतो, पण पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ 'अलीकडे वरचेवर पाऊस पडतो आहे' असा होतो. आज सकाळी एकदाच सर येऊन गेली असेल तर 'शुव्हेउ' म्हणावे. पंधरा दिवस झड लागली असेल तर 'तेइं शुव्हीदु मुइंतु' शोभते.

इच्छा व्यक्त करताना क्रियापदाचे रूप बदलते : 'श्पॅरु क नाउँ शोव्हा', म्हणजे पाऊस न पडो. अट घालताना पुन्हा मूळ रूपासारखेच रूप येते : 'स शुव्हेर, फीकु एइं काझा', म्हणजे पाऊस आला तर घरीच थांबेन. ही दोन वाक्ये व्याकरण न समजता जशीच्या तशी पाठ केली तरी चालतील.

८. घरातली थंडी

नव्या येणाऱ्याला ज्याची कल्पना नसते अशी गोष्ट म्हणजे पोर्तुगालमध्ये थंडी घरातही वाजते. पुष्कळ जुन्या घरांत संपूर्ण घर तापवणारी यंत्रणा नसते, भिंती ओल धरतात आणि बाहेर ऊन असताना आत स्वेटर घालून बसावे लागते. त्यामुळे घरमालकाशी बोलण्यासाठी काही शब्द पाठ हवेतच. 'उमिदाद' म्हणजे ओल किंवा दमटपणा, 'बुलोर' म्हणजे बुरशी, 'अकॅसदोर' म्हणजे हीटर, 'दझुमिदिफिकदोर' म्हणजे हवेतला ओलावा शोषणारे यंत्र. 'आ बुलोर न परेद' म्हणजे भिंतीला बुरशी आली आहे. हे वाक्य तोंडी सांगून थांबू नये, तारखेसह फोटो काढून लेखी कळवावे. घर भाड्याने घेण्याआधी कपाटाच्या मागची भिंत आणि न्हाणीघराचे छत पाहून 'तेइं उमिदाद?' असे विचारावे.

दारे-खिडक्या समोरासमोर उघड्या राहिल्या की 'कुरेंत द आर' लागते, म्हणजे अंगावर वाऱ्याचा झोत येतो, आणि त्याने आजारी पडायला होते असा इथल्या वडीलधाऱ्यांचा ठाम समज आहे. त्यांनी खिडकी लावायला सांगितली तर वाद न घालता लावून घ्यावी.

९. कुठे जपून बोलावे

आपल्याकडे पाऊस उन्हाळ्यानंतर येतो आणि सुटकेचा आनंद घेऊन येतो. पोर्तुगालमध्ये ऋतूंची मांडणी उलटी आहे. लिस्बनमध्ये जुलैत जवळजवळ पाऊस नसतो आणि वर्षाचा बहुतेक पाऊस ऑक्टोबर ते मार्च या थंड महिन्यांत पडतो. थंडी आणि ओल एकत्र येत असल्याने शहरातला माणूस पावसाला 'माउ तेंपु' म्हणतो, आणि त्याच्यासमोर पावसाचे फार कौतुक केले तर त्याला नवल वाटते. मात्र आलेंतेझ्युमधल्या शेतकऱ्याशी बोलताना हीच गोष्ट उलट होते. तिथे दुष्काळाची झळ वारंवार बसते, आणि पाऊस आला की 'फाश फाल्ता', म्हणजे याची गरजच होती, असे म्हणणे त्याला मनापासून पटते.

उन्हाळ्यातल्या कडक, वाऱ्याच्या दिवसांबद्दल मध्य पोर्तुगालमध्ये थट्टेने बोलू नये. १७ जून २०१७ रोजी पेद्रॉगाउँ ग्रांद भागात लागलेल्या वणव्यात ६६ माणसे दगावली, त्यांपैकी अनेक जण रस्त्यावर गाड्यांत अडकले होते. तिथल्या माणसाने 'श्ता मुइंतु कलोर इ मुइंतु व्हेंतु' म्हटले तर त्यात काळजी असते. त्यावर 'समुद्रावर जायला छान दिवस आहे' असे उत्तर कधीही देऊ नये. 'पॅरिगु द इंसेंदियु', म्हणजे वणव्याचा धोका, हा शब्द ओळखता यावा आणि त्या दिवसांत रानात चूल किंवा शेकोटी पेटवू नये.

१०. म्हणी

आपल्याकडे 'पडतील स्वाती तर पिकतील मोती' म्हणतात, तशा पोर्तुगीजांच्या म्हणी महिन्यांवर बांधलेल्या आहेत. एप्रिलसाठी 'एइं अब्रील, आग्वश मील', म्हणजे एप्रिलात हजार धारा. मार्चसाठी 'मार्सु, मर्सगाउँ, मन्यां द इंव्हॅर्नु, तार्द द व्हराउँ', म्हणजे सकाळी हिवाळा आणि दुपारी उन्हाळा. ईशान्येकडच्या त्राझ-उझ्य-मोंतश प्रांताबद्दल 'नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक' अशी म्हण आहे. ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या दिवसाच्या आसपास हवा थोडे दिवस उबदार होते, त्याला 'व्हराउँ द साउँ मर्तीन्यु' म्हणतात. त्या दिवशी भाजलेले चेस्टनट आणि नवी वाइन घेण्याची पद्धत आहे. कचेरीत किंवा शेजारी कोणी चेस्टनट पुढे केले तर एवढे नाव घेतले तरी संभाषण आपोआप पुढे सरकते.

११. ब्राझीलला जाणार असाल तर

'पाऊस पडतो आहे' हे तिथे 'इस्ता शोव्हेंदु' असे म्हणतात, स्वर पूर्ण उच्चारतात आणि छत्रीला फक्त 'ग्वार्दा-शूव्हा' म्हणतात. सर्दी झालेल्याला 'रेस्फ्रियादु' म्हणतात. 'कोंश्तिपादु' तिथे वापरू नये. देशाचा बहुतांश भाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्याने ऋतू उलटे येतात आणि जुलैत दक्षिणेकडे कडक थंडी पडते. साउँ पाउलुमधल्या भुरभुर पावसाला 'गरोआ' असा स्वतंत्र शब्द आहे.

१२. 'आणि तुमच्याकडे कसे असते?'

ओळख थोडी वाढली की 'इ न ईंदिया, कोमु ऍ उ तेंपु?' हा प्रश्न येतोच. त्याचे उत्तर तयार ठेवावे, कारण इतर कोणत्याही विषयावर बोलण्याआधी आपल्याला मनापासून सांगता येईल असा हा विषय आहे. 'न मीन्या तॅर्रा शॉव्ह द झ्यून्यु अ सतेंब्रु', म्हणजे माझ्या गावाकडे जून ते सप्टेंबर पाऊस पडतो. 'ऍ अ मोंसाउँ', म्हणजे तो मॉन्सून. हा शब्द अरबीतल्या ऋतूवाचक शब्दावरून पोर्तुगीज दर्यावर्द्यांनी घेतला, आणि आपला 'मोसम' त्याच मुळातून आला आहे, त्यामुळे तो समजावून सांगावा लागत नाही. मात्र मिन्युमध्ये मोंसाउँ नावाचे एक गावही आहे आणि त्याची वाइन प्रसिद्ध आहे, म्हणून वाक्यात 'ईंदिया' हा शब्द आधी येऊ द्यावा.

पुढची वाक्ये आपापल्या गावाप्रमाणे निवडावीत. कोकणातल्या माणसाने 'शॉव्ह दीअझ अ फीउ', म्हणजे सलग कित्येक दिवस पाऊस पडतो, असे सांगावे. लिस्बनमध्ये वर्षभरात साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि मुंबईत चार महिन्यांतच २,००० मिलिमीटरहून अधिक. हा आकडा ऐकल्यावर लिस्बनकर हमखास पुढचा प्रश्न विचारतो. मराठवाड्यातल्या किंवा माणदेशातल्या माणसाने 'आझ व्हेझश नाउँ शॉव्ह', म्हणजे कधी कधी पाऊस पडतच नाही, असे सांगावे. आलेंतेझ्युच्या माणसाला ते लगेच उमजेल. ही सारी वाक्ये हवेच्या स्वभावाबद्दल असल्याने त्यांत साधा वर्तमानकाळ आणि 'ऍ' हेच क्रियापद वापरावे, 'श्ता' वापरू नये. सांगून झाल्यावर 'इ अकी?', म्हणजे 'आणि इथे?', असे विचारून बोलणे समोरच्याकडे सोपवावे.